हस्नियानं तिसरी कॉफी दिली नाही

हे लिहिणारच नव्हते, इतका राग आलाय. पण आमच्या शेजारच्या हस्नियाबद्दल कुणीतरी सांगायलाच हवं.

आमच्या बोस्नियात पाहुण्याला तीन कॉफ्या देतात. पहिली स्वागताची, दुसरी गप्पांची, तिसरी 'आता निघा'ची. तिसरी येईपर्यंत उठायचं नाही.

युद्धात पॉल नावाच्या शांतिसैनिकानं हस्नियाच्या भावाची, रामोची, बंदूक काढून घेतली. "आम्ही आहोत ना!" म्हणाला. मग वरून हुकूम आला आणि हे निळ्या टोपीवाले शांतिसैनिक गाड्यांत बसून निघून गेले. दुसऱ्याच दिवशी शत्रूनं रामोला मारलं.

परवा तोच पॉल, केस पिकलेला, माफी मागायला आला. आता तो नव्या शांतिसैनिकांना शिकवतो. हस्नियानं दुसरी कॉफी दिली, मग परत दुसरीच, परत दुसरीच. आणि रामो कसा मेला ते सांगत राहिली.

पॉल रडवेला झाला. "मावशी, आता तिसरी द्या ना."

"का रे? तेव्हा बरा न विचारता पळालास! आज बस. आणि तुझ्या पोरांना सांग, थांबायचं नसेल तर कुणाची बंदूक घेऊ नका."

अंधार पडला तरी तिनं तिसरी ओतली नाही. बरं केलं!

थकलीय ती आता. लवकर भेटून या तिला. घाईत असाल तर मात्र जाऊ नका.