व्याह्यांच्या भिंतीतला आवाज

आमच्या व्याह्यांइतका लपवालपवीचा शौकीन माणूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात दुसरा नसेल, आणि त्यांनी लपवलेली एकही गोष्ट कधी कुणाच्या वाईटावर नव्हती, हेही तितकंच खरं. घरातली वस्तू वापरात असावी पण डोळ्यांना दिसू नये, असं त्यांचं ठाम मत. शेळगावच्या त्यांच्या घरात फ्रिज कपाटाच्या दाराआड उभा असतो. पाहुण्याला गार पाणी मिळतं, पण ते येतं कुठून हे काही कळत नाही. डाळिंबाच्या बागेतल्या मोटरीच्या पेटीवर त्यांनी जाईचा वेल चढवला, आणि तो असा माजला की एकदा लाइट आल्यावर खुद्द त्यांनाच बटण सापडेना. माझ्या लेकीच्या लग्नात तर बँडवाल्यांना त्यांनी कार्यालयाच्या मागे नेऊन उभं केलं. ते बिचारे भिंतीकडे तोंड करून वाजवत होते. मी विचारलं, तर म्हणाले, "पाव्हणं, वाजलेलं ऐकू येतंय न्हवं? मग माणसं कशाला बघायची?"

त्यामुळे त्यांनी जुन्या घराशेजारी नवं घर बांधायला काढलं आणि बैठकीच्या खोलीतल्या टीव्हीचे स्पीकर भिंतीत बसवायचा बेत केला, याचं मला नवल वाटलं नाही. बारामतीत माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान, म्हणून सल्ल्याला मला बोलावणं आलं. गिलाव्याच्या आधी वायरींच्या नळ्या भिंतीत जायला हव्या होत्या आणि गवंडी त्यासाठी खोळंबला होता. पण खरं सांगायचं तर मी जड मनानं निघालो. काही महिन्यांपासून लेक फोनवर सासूचा विषय निघाला की अडखळायची. "सासूबाईंना हाक मारली तरी वळून बघत नाहीत, बाबा. माझं काय चुकलं तेच कळत नाही," म्हणायची. तेव्हापासून विहीणबाईंच्या चेहऱ्यावर मी राग शोधत असे, आणि शोधणाऱ्याला तो सापडतोच.

उघड्या विटांच्या त्या खोलीत विहीणबाईंना कोपऱ्यातल्या खिडकीपाशी खुर्चीवर बसवलं होतं आणि व्याही हातात खडू घेऊन उभे होते. टीव्ही समोरच्या भिंतीवर येणार होता. म्हणजे स्पीकर त्याच्या दोन्ही बाजूंना, इतका साधा हिशोब. व्याह्यांनी मात्र चौकोन आखला होता तो खुर्चीलगतच्या भिंतीवर, विहीणबाईंच्या उजव्या कानाच्या उंचीला.

"बोलण्याचा आवाज हितनं आला पायजे," ते म्हणाले.

"माणूस समोर बोलणार आणि आवाज बाजूनं येणार?" मी म्हणालो. "त्यापेक्षा टीव्हीखाली एक लांबट स्पीकर ठेवा. काम भागेल."

"न्हाय. हितंच."

"एकदा गिलावा झाला, की बदलायला भिंत फोडावी लागेल, पाव्हणे."

"मग फोडू. पण हितंच."

त्यांचा आवाज चढला. सोयरीक झाल्यापासून ते माझ्याशी असे कधी बोलले नव्हते. मग मीही बोलून गेलो, की ऐकायचंच नव्हतं तर बोलावलंत कशाला. आणि तेवढ्यावर न थांबता म्हणालो, की या घरात कुणी कुणाचं ऐकत नाही, असं माझी लेकही म्हणते. गवंड्यानं थापी खाली ठेवली. चहा घेऊन दारात आलेली लेक पांढरीफटक पडली. मी परत जाईन, पण राहायचं तिला होतं. विहीणबाई तेवढ्या शांतपणे खिडकीबाहेर बघत होत्या, जणू खोलीत काही घडलंच नव्हतं.

व्याह्यांनी माझा दंड धरला आणि "चला जरा" म्हणून बागेत नेलं. सोयरीक तुटली, असंच मी धरून चाललो. झाडांच्या ओळीत बरंच आत गेल्यावर ते थांबले.

"तिला डाव्या कानानं ऐकू येत न्हाय," ते म्हणाले. "उजव्यानं येतं, ते बी जवळनं. यंत्र घाल म्हणलं तर लोकं बहिरी म्हणतील म्हणती. पोराला ठावं न्हाय, सुनंला न्हाय. कुणाला सांगायचं न्हाय म्हणून माझ्या गळ्याची आण घातलीय." ते जरा वेळ डाळिंबाच्या पानावरची धूळ पुसत राहिले. "टीव्ही लागला की घरातली सगळी हसत्यात. ती माझ्या तोंडाकडं बघती. मी हसलो की हसती."

 आपल्या लेकीला हे आत्ता जाऊन सांगावं, असं फार वाटत होतं, पण व्याह्यांनी हात पुढे केला. "पाव्हणं, शब्द द्या." मी दिला. निघताना लेकीनं विचारलं, "बाबा, काय झालं?" मी "काही नाही" म्हणालो आणि तिच्याकडे न बघता गाडी चालू केली. नळी व्याह्यांच्या चौकोनापर्यंतच गेली.

वास्तुशांतीला घर माणसांनी भरलं होतं. स्पीकरवर भिंतीच्याच रंगाचं कापड ताणलेलं, त्यामुळे कुणाला काही कळत नव्हतं. जेवणं झाल्यावर टीव्हीवर विनोदी कार्यक्रम लागला, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर विहीणबाई हसल्या. कुणाच्या तोंडाकडे न बघता, सगळ्यांच्या आधी. व्याही हसायचं विसरून त्यांच्याकडे बघत राहिले.

तेवढ्यात लेक विहीणबाईंच्या डाव्या बाजूनं आली. "आई, विडा देऊ का?" उत्तर नाही. तिनं पुन्हा विचारलं. निमगाव केतकीहून आलेल्या त्यांच्या नणंदबाई मुद्दाम मोठ्यानं म्हणाल्या, "सासू बोलत न्हाय व्हय गं तुझ्याशी?"  लेकीचे डोळे भरले. व्याही खोटं खोकायला लागले. दिलेला शब्द आठवून मी लेकीकडे बघायचं टाळलं.

विहीणबाईंची नजर सुनेच्या चेहऱ्यावर गेली. मग नवऱ्याकडे, मग शेजारच्या भिंतीकडे. त्यांनी हात लावून बघितला, कापड थरथरत होतं. बराच वेळ त्यांनी हात तिथून काढला नाही.

"टीव्ही बंद करा," त्या म्हणाल्या. मग खुर्ची भिंतीपासून जरा सरकवली आणि सुनेचं मनगट धरून तिला उजव्या बाजूला बसवलं. "मला त्या कानानं ऐकू येत न्हाय, पोरी. लई दिवस झालं. तुला वाटलं आसंल, सासू तोऱ्यात हाय."

 लेकीनं विडा त्यांच्या हातात ठेवला आणि तशीच त्यांना टेकून बसून राहिली. नणंदबाई पदर सारखा करत स्वयंपाकघरात गेल्या.

पुढे लेकच विहीणबाईंना बारामतीला घेऊन आली आणि कानाचं यंत्र बसवून घेऊन गेली. त्यानंतर एका दुपारी व्याही माझ्या दुकानात येऊन बसले. चहा आला, तो निवेपर्यंत ते बागेचं, पाण्याचं बोलत होते.

"यंत्रानं बरं ऐकू येतं का त्यांना?" मी शेवटी विचारलं.

"येतं की. यंत्र घालून घरी आली, तवा मी आपलं नेहमीसारखं विचारलं, जेवलीस का म्हणून. तर बघतच राह्यली माझ्याकडं." ते हसले. "म्हणाली, आवं, तुमचा आवाज किती थकलाय."

मग त्यांनी कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"माझं मलाच ठावं नव्हतं, पाव्हणं," ते म्हणाले.