अर्धा हौदा

प्राण्यांच्या हक्कांवरून मी कुणाशीही तावातावाने भांडतो, आणि कुस्ती मला नुसता रांगडेपणा वाटायचा. परवा सकाळी मित्रासोबत तालमीत गेलो. कुस्तीच्या हौद्यातल्या मऊ तांबड्या मातीतच एक भटकी कुत्री व्यायली होती. वस्तादांनी पायाने मधोमध रेघ ओढली.

"बाळंतीण हाय ती. ती उठंस्तवर समद्यांनी रेघंच्या अलीकडंच खेळायचं."

कुस्ती लागली. एका पैलवानाने दुसऱ्याला खांद्यावर उचललं. आता आपटणार, तोच त्याची नजर रेघेवर गेली. तेवढं ओझं पेलत तो सावकाश मागे वळला आणि मग त्याने जोडीदाराला अलीकडे आपटलं.

कुत्रीने डोळासुद्धा उघडला नाही. माझ्या भाषणांच्या भरवशावर कुठलं जनावर असं झोपलं असतं?