आबांनी पवनचक्कीचा टेकू शोधला तेव्हा

आमचं शेत शाहपूरजवळ, केळीचं. घड भरले की आमच्या घरी वाऱ्याचं नाव काढायची सोय नसे. एका वादळात अख्खी बाग आडवी झालेली मी लहानपणी पाहिली आहे. म्हणून मी पवनचक्क्यांचं इंजिनीयरिंग शिकायला गेले तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भावकीत सांगून टाकलं की पोरगी विजेचं शिकते. तसं ते खोटं नव्हतं, पण मला राग यायचा.

नोकरी मिळत होती ती देवासकडच्या टेकड्यांवर. अट एकच होती: आधी एकदा पवनचक्कीच्या मनोऱ्यावर चढून बघा, मग हो की नाही ते सांगा. आबा सोबत निघाले. निघताना शनवारा चौकातल्या दुकानातून मावा जिलेबी बांधून घेतली, तिथल्या साहेबांसाठी. मला नीट सांभाळून वर न्यावं म्हणून ही लाच, हे मला कळत होतं.

कागदावर तो मनोरा मी किती वेळा काढला असेन, बोटभर उंचीचा. पात्यांवरचा दाब, पायातलं काँक्रीट, सगळं तोंडपाठ. प्रत्यक्ष पायथ्याशी उभी राहून मान वर केली आणि पाठ केलेलं कुठल्या कुठे गेलं. पातं खाली यायचं तेव्हा असा घुमारा उठायचा की मी दर वेळी अंग चोरत होते. इतकं देखणं यंत्र, इतकी वर्षं त्याच्यावर जीव लावलेला, आणि आता मला त्याचीच भीती वाटत होती.

आबा टोपी काढायला तयार नव्हते, म्हणून हेल्मेट टोपीवरच कसंबसं बसवलेलं. त्या अवतारात त्यांनी मनोऱ्याला दोन फेऱ्या मारल्या आणि येऊन विचारलं, याला टेकू कुठे लावलाय? घडाच्या भाराने केळ झुकू नये म्हणून आम्ही बांबूचा टेकू देतो, तो ते शोधत होते. मला हसू आलं. जमिनीखाली केवढा पाया आहे, त्यात लोखंड कसं बांधतात, ते मी समजावलं. ते मान डोलावत ऐकत राहिले.

मग साहेबांनी पाती थांबवली आणि चढताना बांधायचा पट्टा माझ्या हातात दिला. त्याची कडी काही केल्या मला लावता येईना.

"आबा, मला भीती वाटते. घरी जाऊ या."

वाटलं, त्यांना हायसं वाटेल. इतकी वर्षं त्यांना हेच तर हवं होतं.

"भेव तं मले दरसाल वाटते," ते म्हणाले. "तरी दरसाल केळीच लावली ना मी?"

आणि त्यांनी खाली वाकून माझ्या पट्ट्याची कडी लावली, दोनदा ओढून पाहिली.