पॉइंट कुकचा न चाललेला रस्ता

लॉकडाऊन उठला त्याच आठवड्यात मी राज्य सरकारच्या चालण्याच्या मोफत कार्यक्रमात व्हॉलंटियर म्हणून नाव दिलं. टार्निट या उपनगरातल्या घरात महिनोन्महिने लॅपटॉपसमोर बसून अंग आंबून गेलं होतं. काम सोपं होतं. दहाजणांचा गट घेऊन तासभर चालायचं. फक्त लीडरने आधी तो रस्ता स्वतः चालून पाहायचा आणि फॉर्म भरायचा. काठी किंवा वॉकर घेऊन जाता येईल का, असा एक प्रश्न त्यात होता. मी शुक्रवारी आर्वोला, म्हणजे दुपारी, शिफ्ट संपल्यावर गाडीतूनच चक्कर मारली, उरलेलं मॅपवर पाहिलं आणि 'हो'वर टिक केलं.

शनिवारी टार्निटहून समुद्राकाठच्या पॉइंट कुकला गाडीने पंचवीस मिनिटं लागली. पार्किंग फुकट आहे, पण समुद्राकडे दुकान नाही. कॉफी वस्तीतल्या कॅफेतूनच घेऊन निघा. आम्हीही तिथेच जमलो. माझी मैत्रीण मृणाल तिच्या आईला, शैलाकाकूंना, सोडून गेली. काकू पुण्याहून इथे परदेशात दोन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि देशाच्या सीमा बंद झाल्यामुळे वर्षभर अडकल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्या चाकांचा वॉकर वापरत. त्या दिवशी त्यांनी मास्कसुद्धा साडीला शोभेलसा लावला होता.

पहिला अर्धा तास छान गेला. वारा खारट, डावीकडे तळ्यात काळे हंस. काकू ग्लेन नावाच्या निवृत्त बस ड्रायव्हरशी मोडक्या इंग्रजीत नातवंडांबद्दल बोलत होत्या. मग वस्ती संपली आणि फुटपाथही संपला. पुढे खडी होती, शेजारून गाड्या जात होत्या.

काकू थांबल्या. "निखिल, इथे वॉकर चालायचा नाही रे."

मला सगळ्यांना वेळेत समुद्रावर पोहोचवायचं होतं. "थोडंच आहे काकू, चला," मी म्हणालो.

वीस पावलांवर पुढचं चाक खडीत रुतलं आणि त्या रस्त्याच्या बाजूला पडल्या. समोरून येणारी गाडी वेळेवर थांबली. ग्लेनने जॅकेट काढून त्यांच्या डोक्याखाली ठेवलं. तू हा रस्ता चालून पाहिला होतास का, असं त्याने मला हळूच विचारलं. मी हो म्हणालो.

फोनवर कळताच मृणाल धावत आली तेव्हा मनगट सुजलं होतं. काय झालं, या तिच्या प्रश्नावर काकूच म्हणाल्या, "माझंच लक्ष नव्हतं गं." मी शेजारी उभा होतो. एक शब्द बोललो नाही.

घरी येऊन कार्यक्रमाच्या ऑफिसला खरं कळवलं. त्यांनी तो मार्ग लगेच बंद केला. पुढच्या आठवड्यात ग्लेनला खरं सांगून, वॉकर उसना आणून, तो ढकलत मी दुसरा मार्ग स्वतः चालून पाहिला. वस्तीच्या मागून जाणारी वाट पूर्ण काँक्रीटची आहे. बाकं आहेत, टॉयलेटही आहे. दहा मिनिटं जास्त लागतात. तुम्ही जाणार असाल तर त्याच वाटेने जा.

मृणालला सांगायला मात्र मला चार दिवस लागले. काकूंच्या मनगटाला प्लास्टर होतं, त्या तिच्या शेजारीच बसल्या होत्या. मृणालने सगळं ऐकून घेतलं. रस्ता न पाहिल्याबद्दल ती काहीच बोलली नाही.

"आई तुझा दोष स्वतःवर घेत होती," ती म्हणाली, "तेव्हा गप्प का उभा राहिलास?"

काकूंनी विषय बदलला, मला चहा विचारला. मी चहा घेतला.