मंजुळाबाई आणि कोरालिया

मंजुळाबाईंना सवत होती. ती सात मजली होती, पांढरीशुभ्र होती, तिच्या डोक्यावर दोन निळी धुराडी होती. तिला जाऊन वीस वर्षं उलटली, तरी बजाजनगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात ती सकाळ-संध्याकाळ चहाला हजर असायची.

तिचं नाव कोरालिया. हौशी प्रवाशांना घेऊन देशोदेशी फिरणारी बोट. आताचे लोक तिला क्रूझ म्हणतील, पण हा शब्द मुंजाबांसमोर काढायची सोय नव्हती. मुंजाबा म्हणजे मंजुळाबाईंचे यजमान. लासूर स्टेशनजवळच्या वाडीत, मेंढरं राखणाऱ्या घरात जन्मलेला हा गडी विसाव्या वर्षी शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात भांडी घासायला लागला, तिथल्या गोव्याच्या आचाऱ्याबरोबर मुंबईला गेला आणि वाढपी म्हणून कोरालियावर चढला. उतरला तो बावीस वर्षांनी, बोटीची कंपनीच बुडाली तेव्हा. वर्षाचे दहा महिने बोटीवर आणि दोन महिने घरी. त्या दोन महिन्यांतही हा माणूस अंगणात बसून असा काही आभाळाकडे बघायचा, की आत भाकरी थापणाऱ्या मंजुळाबाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

कोरालियाची गोष्ट सांगायला मुंजाबांना निमित्त लागत नसे. लागलंच तर शेजारचे नानासाहेब ते पुरवत. नानासाहेब गंगापूरकडचे बागाईतदार. लेकाच्या नोकरीमुळे इथं राहायला आलेले. गेल्या दिवाळीत लेकानं त्यांना मुंबईहून क्रूझवर नेलं आणि परतल्यावर नानासाहेबांनी सगळ्या गल्लीला मोबाइल दाखवत फिरायचा सपाटा लावला. घसरगुंड्या, दुकानं, नाचगाणी, दिव्यांचा नुसता चकचकाट. मुंजाबांनी चष्मा लावून सगळं नीट पाहिलं आणि मोबाइल परत दिला.

"नानासाहेब, ही बोट न्हाय. पाण्यात ढकललेला मॉल हाय ह्यो."

"आता तुमच्या टायमाला हे नव्हतं, म्हणून तुम्ही..."

"आमच्या टायमाला काय व्हतं, सांगू?"

आणि सुरू. डेकवर सागवानी फळ्या होत्या, त्या रोज पहाटे धुतल्या जायच्या. सकाळी अकराच्या ठोक्याला, मांडीवर घोंगडी घेऊन आरामखुर्चीत बसलेल्या गोऱ्या म्हाताऱ्यांना गरम सूप जायचं, कपाखाली बशी आणि बशीत दुमडलेला रुमाल. बंदर सोडताना काठावरच्या माणसांकडे रंगीत कागदी फिती फेकायच्या. एक टोक बोटीवरच्याच्या हातात, एक काठावरच्याच्या. बोट सरकली की फिती ताणायच्या, ताणायच्या आणि टपटप तुटायच्या. "तव्हा बँड वाजायचा, नानासाहेब. माणसं रडायची. आता कोण रडतंय? आता समदे सेल्फी काढत्यात."

आत कणीक मळणाऱ्या मंजुळाबाईंना यातला शब्दन् शब्द पाठ होता. बावीस अधिक वीस, इतक्या वर्षांत पोथीचं झालं नसेल एवढं या बोटीचं पारायण त्या घरात झालं होतं. गोष्ट ऐकून त्यांना त्रास होत नव्हता. त्रास व्हायचा तो सांगणाऱ्याचं तोंड बघून. कोरालियाचं नाव निघालं की मुंजाबांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडायचा, तो त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा नव्हता. मंजुळाबाईंनी तो फोटो या एका कारणासाठी कितीदा तरी निरखून पाहिला होता.

आणि मत्सराला काय, एवढं पुरतं. पण त्यांच्याकडे आणखीही होतं. मंजुळाबाईंचे वडील गेले तेव्हा मुंजाबांचं बोटीवरून पत्र आलं. वडिलांबद्दल दोन ओळी आणि जेवणाच्या दालनात लावलेल्या नव्या झुंबराबद्दल अर्धं पान. उलट, कोरालिया मोडीत निघाली, गुजरातच्या किनाऱ्यावर चिखलात चढवून तिचे तुकडे करायला घेतलेत, असा जुन्या सोबत्याचा फोन आला तेव्हा हा माणूस दोन दिवस जेवला नाही. लेक शीला तेव्हा शेवटच्या वर्षाला होती. तिनं आपली समजूत काढली, "असू दे गं आई, त्यांची अर्धी जिंदगी तिथं गेली." मंजुळाबाई म्हणाल्या, "आन् माझी कुठं गेली?" 

एकच गोष्ट त्यांना धीर देत आली होती. लग्न नवं होतं तेव्हा त्यांनी एकदा लाजत विचारलं होतं, "मला कव्हा दावणार तुमची बोट?" मुंजाबा म्हणाले होते, "कामावरच्या माणसांच्या बायकांना नेत न्हाईत. कंपनीचा कायदाच हाय तसा." कायदा म्हटल्यावर विषय संपला. म्हणजे त्या बोटीवर जसं मंजुळाबाईंना जाता येत नव्हतं, तसं कुणाच्याच बायकोला येत नव्हतं. सगळ्यांची सवत एकच आणि सगळ्या सारख्याच बाहेर. मंजुळाबाई जळायच्या, पण त्यात निदान न्याय होता.

या फेब्रुवारीत तो न्यायही गेला.

मुंजाबांचा बोटीवरचा जोडीदार बेनेडिक्ट गोव्याहून बायकोला घेऊन वेरूळची लेणी बघायला आला. वाटेत मित्राकडे जेवण ठरलं. मुंजाबा सकाळपासून नव्या नवरदेवासारखे घरात येरझारा घालत होते. मंजुळाबाईंनी मटण केलं, येसराचा मसाला घालून आमटी केली, बाजरीच्या भाकरी केल्या. पाहुण्यांनी घाम पुसत, नाक ओढत, ताटं चाटूनपुसून लख्ख केली. बेनेडिक्टची बायको फिलोमिना गोल चेहऱ्याची, बोलकी बाई. मोडक्यातोडक्या मराठीत तिनं मंजुळाबाईंची भाकरी इतकी वाखाणली, की त्यांना ती आवडायला लागली होती.

जेवणं झाल्यावर पुरुष जुन्या दिवसांत शिरले आणि फिलोमिनानं पर्समधून एक पाकीट काढलं. "वहिनी, तुम्हाला दाखवायला मुद्दाम आणले."

पहिल्याच फोटोत कोरालियाचं निळं धुराडं होतं आणि त्याच्यापुढे, टोपीवर हात दाबून, हसत उभी होती ती फिलोमिना.

मंजुळाबाईंनी फोटो जवळ धरला. मग लांब धरला. "ह्या तुमी?"

"मीच! ब्याण्णव साली. चाळीस दिवस होते बोटीवर. दहा वर्षं नोकरी झाली की बायकोला एकदा न्यायला मिळायचं ना."

"आमच्यात तसं न्हवतं," मंजुळाबाई म्हणाल्या.

"असं कसं? दोघांची परवानगी एकाच दिवशी आली. मी तर वाट बघत होते, मंजुळाबाई येणार म्हणून. तुमच्यासाठी बांगड्यापण घेतलेल्या." फिलोमिना नवऱ्याकडे वळली. "बेन, ह्यांनी अर्ज का नव्हता भरला रे?"

बेनेडिक्टनं पाण्याचा पेला उचलला आणि संपेपर्यंत खाली ठेवला नाही. मुंजाबा सुपारी कातरत होते, ते कातरतच राहिले. एका माणसाला लागते त्याच्या चौपट सुपारी ताटलीत जमली.

 उरलेले फोटो मंजुळाबाईंनी एकेक करून पाहिले. आरामखुर्चीत फिलोमिना. सूपचा कप घेऊन फिलोमिना. हातात रंगीत फीत धरलेली, फीत ताणलेली, डोळे भरलेली फिलोमिना. चाळीस वर्षं ज्या गोष्टी कानांनी ऐकल्या, त्या सगळ्यांत आता ही बाई उभी होती. आतापर्यंत मंजुळाबाई लोखंडावर जळत आल्या होत्या. आता समोर हाडामासाची बाई होती, तिनं त्यांच्या हातचं मटण खाल्लं होतं आणि तिचा काडीचा दोष नव्हता. त्यानं तर जळफळाट दुप्पट झाला. तरी त्यांनी तिची ओटी भरली, ब्लाउजपीस दिलं, गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला गेल्या आणि परत येऊन भांडी घासायला बसल्या. त्या दिवशी पातेल्यांचा आवाज नानासाहेबांच्या घरापर्यंत गेला.

दोन दिवस मुंजाबांना वेळच्या वेळी चहा मिळाला, जेवण मिळालं, अंघोळीला गरम पाणी मिळालं, फक्त शब्द मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मंजुळाबाई दारात मेथी निवडत बसल्या होत्या. मुंजाबा आपण होऊन समोर येऊन बसले आणि एक जुडी ओढून घेतली. चाळीस वर्षांत त्यांनी घरात मेथीला हात लावला नव्हता.

"माझी लाज वाटत व्हती?" मंजुळाबाईंनी मान वर न करता विचारलं.

"न्हाय."

"मला बोलाया येत न्हाय, काट्या-चमच्यानं खाया येत न्हाय, म्हून?"

"न्हाय म्हनलं ना."

"दुसरी कुनी व्हती तिथं?"

मुंजाबांना हसू आलं. "अगं, दिवसाला चौदा तास उभं ऱ्हायचो. दुसरी कुठून आणू?"

"मग काहून? मला खरं सांगा. चाळीस वर्सं खोटं ऐकलं, आता एक डाव खरं ऐकूनच मरते."

मुंजाबा बराच वेळ देठं तोडत राहिले. पानं टाकून देठं ठेवत होते, याचं त्यांना भान नव्हतं.

"तिथं मला कुनी वळखत नव्हतं," ते म्हणाले. "मी कुनाचा पोरगा न्हाय, कुनाचा जावई न्हाय. कुनी म्हनत न्हाय, मुंजाबा हे कर, मुंजाबा ते का केलं न्हाय. पांढरा कोट घातला की मी नुसता मी. अर्ज हातात आला, तव्हा लिहाया बसलो व्हतो. तुझं नाव लिवलंबी. मग वाटलं, तू आलीस की तिथंबी घर व्हईल. बोट माझी ऱ्हाणार न्हाय. फाडला."

मंजुळाबाईंना वाटलं, दुसरी बाई असती तर परवडलं असतं. बाईशी भांडता येतं, तिच्या नावानं बोटं मोडता येतात. इथं त्यांच्या नवऱ्यानं त्यांचं नाव लिहिलं होतं आणि हातानं फाडलं होतं, दुसऱ्या कुणासाठी नाही, स्वतःसाठी. त्यांचे डोळे भरून आले. आता आपण रडणार आणि हा माणूस पुन्हा "कायदा हाय" असलं काहीतरी बोलणार, असं त्यांना वाटलं.

पण रडू आलंच नाही. त्यांना ती भावना ओळखीची वाटली. पांढरा कोट घातला की मी नुसता मी. हे कुठंतरी आपल्याच अंगात आहे, असं वाटून त्या एकदम बोलल्या.

"मंग ऐका. तुमी बोटीवं गेला ना, की मला लई बरं वाटायचं."

मुंजाबा हसले. बायको उट्टं काढतेय, असं त्यांना वाटलं.

"हसू नका. दोन महिनं तुमी घरात असायचे, तव्हा मी दिस मोजायची. तुमाला ष्टेशनावं सोडून आलं की डोक्यावरचा पदर कमरेला खोचायचा. दिवाळी झाली की मामंजी, मी आन् वाडीतली सरूबाई मेंढरं घिऊन कन्नडच्या डोंगराकडं. शीला घोड्यावं. मामंजी थकले तव्हापासून कुठं तळ टाकायचा, कव्हा उठायचं, समदं मी ठरवायची. मोठमोठे शेतकरी फेटा काढून म्होरं बसायचे, 'बाई, आमच्या रानात कव्हा बसवता मेंढरं? खत लागतंय.' मी म्हनायची, 'बघू, परवा सांगते.' परवा! आन् ते परवा यायचे."

"हाल व्हत व्हते तुझे," मुंजाबा म्हणाले. "म्हून तर मी मेंढरं इकली. पंच्याण्णवला. तू रडली व्हतीस, आनंदानं."

मंजुळाबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

मुंजाबांच्या हातातली मेथी हळूहळू खाली गेली. गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला, समोरच्या घरात कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या.

"मला कव्हा सांगितलं न्हाईस," ते शेवटी म्हणाले.

"तुमी इचारलं कव्हा? तुमाला बोटीचंच सांगायचं असायचं. आन् सांगितलं असतं, तर तुमी एक डाव संगं आला असता. मंग तिथंबी तुमाला येळेवर भाकर."

मुंजाबांनी विचारलं, डोंगरात कुठं. त्यांनी विचारलं, पाऊस आला की काय करायच्या, सरूबाई आणि तू संध्याकाळी काय बोलायच्या, गाणी म्हणायच्या का. मंजुळाबाई मेथी निवडत राहिल्या आणि मधेच, नवऱ्याला न दिसणारं काहीतरी बघून, गालात हसल्या. ते हसू मुंजाबांनी पाहिलं. बायकोच्या चेहऱ्यावर असा उजेड त्यांनी कधी पाहिला नव्हता आणि तो आपल्यामुळे पडलेला नाही, हेही त्यांना कळलं. त्यांना ते मुळीच आवडलं नाही. छातीत काहीतरी जळायला लागलं, आणि ते मटण नव्हतं, ते तीन दिवसांपूर्वीच जिरलं होतं.

त्या संध्याकाळी नानासाहेब आले, म्हणाले, "काय मुंजाबा, तुमच्या त्या फितींचं सांगा की पुन्हा." मुंजाबांनी हात हलवून त्यांना वाटेला लावलं आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"मंजुळे, कन्नडला यष्टी जाते. मला एक डाव दावशील का ती जागा?"

मंजुळाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली, फुगेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या,

"अर्ज करा. बघू, परवा सांगते."