पळणाऱ्याच्या बाजूचा माणूस

माझ्या बायकोचे मामा, म्हणजे माझे मामेसासरे, हे उभ्या खानदेशात पळणाऱ्या माणसाचे सगळ्यात मोठे कैवारी आहेत. पळणारा अर्थात सिनेमातला. मागे पोलीस, कुत्री, भाडोत्री मारेकरी आणि पुढे एकटा माणूस, असा कुठल्याही देशातला डब केलेला सिनेमा लागला, की धुळ्यातल्या त्यांच्या दुकानात पाण्याच्या मोटारी उघड्या पडतात, तांब्याची तार तशीच लोंबत राहते आणि गिऱ्हाईक ओट्यावर ताटकळतं. एकदा साक्रीकडचा एक शेतकरी तावातावाने भांडायला आला आणि सिनेमा संपेपर्यंत तोही नदीत उडी मारलेल्या माणसासाठी हळहळत बसला. दुसऱ्या भागांविषयी मामांचं मत ठाम आहे. "पहिला भागमा तो एकटा ऱ्हास. भूक लागस, पाय सुजस. दुसरा भागमा त्याले हेलिकॉप्टर भेटस. हेलिकॉप्टरवाला माणूसनी काळजी कोण करी?" तिसरा भाग तर ते लावूच देत नाहीत, कारण तोवर पकडणारा आणि पळणारा दोस्त झालेले असतात. "मंग तो पळना कसाले?" असं ते मलाच दरडावून विचारतात, जसा काही तो सिनेमा मीच काढलाय. लग्नाच्या पंगतीत ते मागच्या दाराजवळचं पान धरतात. वरमाईने आग्रहाने पुढे बसवलं, तर जेवण गोड लागत नाही.

या छंदापायी त्यांची भाऊबंदकीत भरपूर टिंगल व्हायची. पण त्यांची धाकटी मुलगी दुसऱ्या समाजातल्या मुलाबरोबर निघून गेली, आणि टिंगल करणारे तेच पुतणे दोन जीपा घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले. "नाना, तुम्हले बठ्ठं समजस. कोठे गयी व्हई ती?" जीपांच्या सीटखाली काठ्या होत्या. त्या कशासाठी आहेत हे कुणी लपवलंही नाही. मामी आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मामांनी डोळे मिटून बराच विचार केला आणि म्हणाले, "पळनारा बठ्ठा सुरतलेच जातस. चला." आणि स्वतः पहिल्या जीपमध्ये पुढे बसले. त्या दिवशी मी धुळ्यातच होतो, म्हणून जावई या नात्याने मलाही कोंबण्यात आलं.

सुरतेत त्या माणसाने आम्हाला असं काही फिरवलं! कापडबाजाराच्या गल्ल्या, धर्मशाळा, स्टेशनचे सगळे फलाट. मध्येच थांबून जमिनीकडे टक लावून पाहायचे, एखाद्या चहावाल्याच्या कानात काहीतरी पुटपुटायचे आणि "आत्तेच गयात" म्हणून भलतीकडे बोट दाखवायचे. पुतणे भारावून मागे धावत होते. एका गल्लीत आम्ही दोघंच मागे राहिलो, तेव्हा घाम पुसत मला म्हणाले, "ती शिरपूरले शे, मैत्रीणना घर. तोंड बंद ठेवा, जवाई." परतताना पुतण्यांच्या पिशव्यांत बायकांसाठी साड्या होत्या. बहिणीला मारायला निघालेली माणसं घासाघीस करून साड्या आणतात, याची मला आजही शिसारी येते.

मुलगी वाचली. शिरपूरहून ते दोघं कुठेतरी लांब गेले, तिथेच संसार थाटला. पण पहिल्या जीपमध्ये पुढे बाप बसला होता, एवढंच तिच्या कानावर गेलं, आणि तिने बापाचं नाव टाकलं. मी कितीदा म्हटलं, "मामा, मला सांगू द्या तिला." त्यांचं उत्तर ठरलेलं. "तिले समजनं तं ती घर ई. घर उनी तं ह्या लोके तिले जित्ती ठेवतीन का? डरू द्या तिले." ती घाबरलेली आहे तोवरच घराकडे फिरकणार नाही, असा त्यांचा हिशेब.

मोटारीचं सामान घ्यायला मामा जळगावला आले, की आमच्याकडे जेवायला असतात. मागच्या खेपेला ते बसलेले असतानाच तिचा फोन आला. ती फक्त माझ्या बायकोलाच करते. आईची खुशाली विचारून झाली की दर वेळी बापाविषयी तिचा एकच प्रश्न असतो: आबा अजून शोधतात का? बायकोने फोन कानाला लावून मामांकडे पाहिलं. मामांनी होकारार्थी मान हलवली.

"हो गं, शोधतात," बायको म्हणाली. फोन लगेच बंद झाला.

मामांनी ताटातला हात तसाच ठेवून विचारलं, "कसा व्हता वं तिना आवाज?"

"सर्दी झालीय तिला."

मामा हात धुऊन उठले, पायात चपला घातल्या, दारापर्यंत गेले. मग चपला काढून परत येऊन बसले.