निवळ हाय, साहेब

बाटलीनाना सकाळी सव्वासातला फोन करायचे आणि एवढंच बोलायचे, "निवळ हाय, साहेब." माझं 'बरं नाना' तोंडातून निघेपर्यंत फोन बंद. पंधरा वर्षं हे चाललं. त्यात रविवार नाही, दिवाळी नाही. माझ्या लग्नाच्या दिवशी सकाळीसुद्धा हळदीच्या अंगानं मी तो फोन घेतला होता.

वेल्ह्याच्या डोंगरात, पासलीच्या अलीकडे, एका वाडीच्या डोक्यावर आमच्या खात्याचं लहानसं मातीचं धरण आहे. नाना तिथले चौकीदार, आणि मी भोरच्या कचेरीतून ते धरण बघणारा इंजिनिअर. मातीच्या धरणातून थोडं पाणी पाझरतंच, आणि ते पायथ्याच्या चरातून बाहेर येतं. ते निवळ असेल तर काळजी नाही. गढूळ आलं तर समजायचं, पाणी धरणाच्या पोटातली माती घेऊन निघालंय. नाना रोज ते पाणी एका काचेच्या बाटलीत भरायचे आणि उन्हाकडे धरून बघायचे. मग सांडव्याच्या टोकाशी चढून जायचे, कारण रेंज तिथंच यायची.

बाटली होती क्वार्टरची. कोणीतरी सांडव्याजवळ टाकून दिलेली. मी नवा असताना पहिल्यांदा धरणावर गेलो तेव्हा हा म्हातारा सकाळी सकाळी क्वार्टर डोळ्यासमोर धरून उभा. हा माणूस इतक्या लवकर बसतो, असं मी ड्रायव्हरला म्हणालो आणि नानांविरुद्ध अहवाल द्यायचं मनात पक्कं केलं. नानांनी जन्मात चहापलीकडे काही घेतलं नव्हतं. तरी बाटलीनाना हे नाव कचेरीत चिकटलं ते चिकटलंच, आणि ते चिकटवणारा मीच.

उन्हाळ्यात ते धरणाच्या पायथ्यानं अनवाणी चालायचे. कुठं ओल आहे हे पायाला आधी कळतं, डोळ्याला मागून, असं त्यांचं म्हणणं. मलाही बूट काढायला लावायचे. तापलेल्या मातीवर मी नाचत नाचत चालायचो आणि ते मागं वळून न बघता म्हणायचे, "हळू साहेब, धरन पळून न्हाई जात." घुशीचं बीळ दिसलं की ते उकरून, चिकणमाती थराथरानं भरून धुमसानं ठोकायचे. पायानं दाबलेलं त्यांना चालायचं नाही.

त्यांचं आणि माझं वाजलं ते झाडांवरून. एका पावसाळ्यात वरून झाडं लावायचं फर्मान आलं. मी उत्साही. शाळेतली पोरं आणून धरणाच्या उतारावर करंजाची रोपं लावली, फोटो काढले, ते वर पाठवले. दुसऱ्या दिवशी नानांनी एकूण एक रोप उपटलं. टाकून दिली नाहीत. मुळांना ओलं पोतं गुंडाळून सावलीत उभी केली आणि नंतर वाडीच्या रस्त्याकडेला लावली. पण माझे फोटो खोटे पडले होते. मी त्यांना लेखी मेमो दिला. त्यांनी तो शाळेच्या गुरुजींकडून वाचून घेतला आणि खाली अंगठा केला.

"झाड वाईट न्हाई, साहेब," ते म्हणाले. "पर झाड मरतं. मूळ कुजतं. अन् मुळाची पोकळ जागा पान्याला घावती. बांधात माती सोडून कायबी नको." मातीच्या बांधावर झाड नको, हे मी कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. फर्मान आल्यावर विसरलो होतो.

त्याच भाद्रपदात एका सकाळी फोन आला. "गढूळ हाय."

मी पोचलो तेव्हा नानांनी वाडीतली माणसं वरच्या देवळात नेऊन बसवली होती. त्यांचं स्वतःचं घर धरणाखालचं पहिलं. नानी, म्हणजे त्यांची बायको, चूल विझवून शेळ्या घेऊन निघाली होती. पायथ्याशी एका ठिकाणाहून चहासारखं पाणी येत होतं. आम्ही धरणाचं दार उघडून तलाव उतरवला, आणि जिथून पाणी येत होतं तिथं वाळू, खडी असे थर टाकत गेलो. तिसऱ्या दिवशी पाणी निवळलं. नंतर तिथं खणलं तर एका जांभळाचं कुजलेलं मूळ निघालं. झाड कधीच तोडलेलं, मूळ आत राहिलेलं. नानांनी ते मला दाखवलं आणि बाजूला ठेवलं. मेमोचं नाव काढलं नाही. वाडी मात्र चिडली. काही झालं नसताना तलाव रिकामा केला, आता उन्हाळी भुईमूग कशावर करायचा, असं लोक पुढं वर्षभर त्यांना ऐकवत राहिले.

तो मेमो मी मागं घ्यायला हवा होता. घेतला नाही. नाना निवृत्त झाले तेव्हाही तो त्यांच्या फाइलीत होता. त्यांच्या जागी दुसरा माणूस मिळाला नाही, आणि नानांनी काही विचारलंही नाही. सव्वासातचा फोन बिनपगारी चालू राहिला.

यंदा चैत्रात नाना गेले. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. मी तिसऱ्या दिवशी गेलो. आता तिकडं राख पाण्यात सोडत नाहीत. खड्ड्यात राख घालून वर झाड लावतात. चांगली पद्धत आहे. सरपंच म्हणाले, नानांची जागा धरणावरच. सगळ्यांना पटलं. ज्यांनी त्यांना भुईमुगावरून बोल लावले होते तेच डोळे पुसत होते. धरणाच्या मधोमध, उतारावर, त्यांनी हातभर खोल खड्डा घेतला, राख घातली आणि आंब्याचं कलम लावलं. मीही तांब्यानं पाणी घातलं. मला सगळं दिसत होतं आणि तोंड उघडत नव्हतं. रडूही आलं नाही. त्या दिवसापासून आत काही हलतच नव्हतं. सकाळी सव्वासातला मी फोन हातात धरून बसायचो आणि बायको निवलेला चहा उचलून न्यायची.

पावसाळ्याआधी धरणाचा तपासणी तक्ता भरावा लागतो. त्यात एक रकाना आहे, बांधावर झाडेझुडपे. मी सवयीनं 'नाहीत' लिहिलं. आजवर ते खरं असायचं. मग बराच वेळ त्या शब्दाकडं बघत बसलो आणि गाडी काढली.

नानी धरणावरच होती. कलमाला दोन नवी तांबूस पानं फुटली होती. तिनं माझ्याकडं बघितलं.

"उपटाया आलाय न्हवं?"

मी होय म्हणून मान हलवली.

"रोज वाट बगत्ये. माज्याच्यानं न्हाई व्हत, साहेब."

मी बूट काढले. कलम मातीच्या गोळ्यासकट अलगद सुटलं. मुळं अजून आपल्याच गोळ्यात होती. ते बाजूला ठेवून मी खड्डा बुजवायला लागलो, तर तिनं हात धरला. "राख बी काडा. माती सोडून कायबी नको, म्हनायचे." मग आम्ही दोघांनी हातानं ती राखेची माती उकरून तिच्या पाटीत भरली. काळी माती लागेपर्यंत उकरली. मी चिकणमाती थराथरानं भरली, आणि तिनं घरातून नानांचं धुमस आणून दिलं. कलम पाटीतल्या मातीसकट तिच्या दारात लावलं. भोरला परत येताना हात स्टिअरिंगवर राखेनं करडे दिसत होते. नसरापूरपाशी गाडी बाजूला घेतली आणि तिथं मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सव्वासातला फोन वाजला. पडद्यावर 'नाना धरण'.

"निवळ हाय, साहेब," नानी म्हणाली.

"बरं," मी म्हणालो. जे ऐकायला नाना कधी थांबले नाहीत ते तिनं ऐकलं, आणि मग फोन ठेवला.